रेझ्युमे तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे

वाचकाचं पत्र

मी ४१ वर्षांचा, नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी.ई. २००७ पासून सातपूरच्या एका कंपनीत होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कपात झाली, सात महिने घरी बसलो. २०२१ पासून अंबडला वाहनांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शनला असिस्टंट मॅनेजर आहे. वर जायला जागा नाही म्हणून बाहेर बघतोय. भाच्यानं रंगीत टेम्प्लेटवर पाच पानांचा रेझ्युमे करून दिला. चाळीसेक ठिकाणी पाठवला, फोन आले दोन. मित्र म्हणतात, चाळिशीनंतर असंच असतं. ते सात महिने कसे झाकावेत? चाकणला जायची तयारी दाखवावी का? आमची ही म्हणते, दाखवू नका. रेझ्युमे सोबत जोडला आहे.

तसं मी विशेष काही केलेलं नाही. २०१९ मध्ये बीएस-६ च्या नव्या पार्टचं काम होतं, तेव्हा धावपळ केली. २०२२ मध्ये शाफ्टच्या लाइनवर एक जॉब उतरवून दुसरा लावायच्या सेटिंगला ११० मिनिटं जायची, ती ३५ वर आली. पार्ट पकडणारे चकचे जॉ आणि टूल आधीच लावून ठेवायला लागलो. पहिला पीस पास करायला क्वालिटीचा माणूस येईपर्यंत मशीन उभं राहायचं, म्हणून माप तपासायचं गेज लाइनवरच ठेवून घेतलं. पण ते सगळ्यांनी मिळून केलं.

उत्तर

नमस्कार,

मी आधी तुमचा रेझ्युमे वाचला आणि पत्र नंतर. रेझ्युमेची पाच पानं संपली तरी तुम्ही कोण ते मला कळलं नव्हतं. पत्राच्या तिसऱ्या पानावर शेवटच्या चार ओळींत कळलं. त्या ओळी रेझ्युमेत नाहीत. तिथे आहे, ‘रिस्पॉन्सिबल फॉर प्रॉडक्शन, क्वालिटी, मॅनपॉवर हँडलिंग अँड ५एस’. हे वाक्य सातपूरपासून सिन्नरपर्यंत कुठल्याही असिस्टंट मॅनेजरच्या कागदावर चिकटवा, बसेल. त्यातून तुमची खुर्ची कोणती ते समजतं. तिच्यावर बसणारा माणूस दिसत नाही.

दोन-तीन वर्षांच्या अनुभवाच्या पोराला हे चालतं, त्याच्याकडे सांगायला तेवढंच असतं. अठरा-एकोणीस वर्षं काढलेल्या माणसानं मात्र आपण काय ठरवलं आणि त्यानं काय बदललं, हेच लिहायचं असतं. बाकी सगळं त्याच्याभोवती बेताबेतानं मांडायचं.

म्हणून आधी ती शाफ्टची लाइन घेऊ. ११० वरून ३५, म्हणजे एका सेटिंगमागे ७५ मिनिटं वाचली. दिवसाला दोन सेटिंग धरली तर अडीच तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेबासष्ट तास. नवीन मशीन न घेता, ओव्हरटाइम न लावता एका मशीनचे महिन्याला साठेक तास मोकळे झाले. दुसरं म्हणजे सेटिंग लवकर होऊ लागल्यावर बॅच लहान करता येते. सेटिंगला दोन तास जाणार असतील तर सुपरवायझर एकदा लावलेला जॉब लवकर उतरवत नाही, मग मधल्या ट्रॉल्या भरत राहतात आणि डिस्पॅचला हवा तो पार्ट नेमका नसतो. तुमच्याकडे बॅच लहान झाली का? लाइनमधला अर्धवट माल कमी झाला का? झाला असेल तर तोही आकडा तुमचाच आहे. तुमच्या प्लांट हेडला कदाचित पहिल्या आकड्यापेक्षा तोच जास्त आवडला असेल.

ही ओळ रेझ्युमेत इंग्रजीत जाईल. तिचा ऐवज साधारण असा: शाफ्ट लाइनवरचा सीएनसी टर्निंगचा सेटअप टाइम ११० मिनिटांवरून ३५ मिनिटांवर आणला, जॉ आणि टूलचं प्री-सेटिंग मशीन चालू असतानाच बाहेर करण्याची पद्धत बसवली, फर्स्ट पीस अप्रूव्हल लाइनवर आणलं, इतक्या माणसांचा गट चालवला, महिन्याला सुमारे इतके मशीन-तास वाचले. दोन ओळींत बसतं. यात आधीचा आकडा आहे, नंतरचा आहे, आणि तो कसा बदलला तेही आहे. तिसरी गोष्ट गाळू नका. ‘५० टक्के रिजेक्शन कमी केलं’ असं लिहिणारे पुष्कळ असतात. ते २ टक्क्यांवरून १ वर आणलं की ०.२ वरून ०.१ वर, हे लिहीत नाहीत. ग्राहक पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती खराब असं, मोजत असेल तर तुम्हीही पीपीएममध्येच लिहा. ०.४२ टक्के म्हणजे ४२०० पीपीएम, हे तुम्हाला झोपेतही माहीत असेल, तेच कागदावर येऊ द्या.

आता ‘सगळ्यांनी मिळून केलं’ याबद्दल. हा संकोच मला आवडतो आणि रेझ्युमेत तो नडतो. ऑपरेटरनं हातानं केलं, क्वालिटीच्या माणसानं गेज दिलं, मेंटेनन्सनं रॅक बनवून दिली, हे खरंच आहे. पण मशीन का उभं राहतंय हे घड्याळ लावून कोणी पाहिलं? क्वालिटी हेडकडे जाऊन ‘गेज लाइनवर द्या’ हा वाद कोणी घातला? असले वाद सुखासुखी मिटत नाहीत, कारण गेज लाइनवर आलं की ते हरवलं किंवा घासलं तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न येतो. तुम्ही तो सोडवला असणार. तेवढंच स्वतःच्या नावावर घ्या. मोजलं, मांडलं, मंजूर करून घेतलं, बसवलं, शिकवलं. जे तुम्ही केलं त्याचंच क्रियापद वापरा. गटाचं काम गटाचं म्हणा, त्यातली आपली जागा दाखवा. यात फुशारकी नाही. उलट ‘प्लांटचं उत्पादन दुप्पट केलं’ असं असिस्टंट मॅनेजरनं लिहिलं की समोरचा हसतो, कारण प्लांटचं उत्पादन कोणाच्या सहीनं वाढतं हे त्याला ठाऊक असतं.

आणि मुलाखतीत एक प्रश्न हमखास येईल: आज ती लाइन किती मिनिटांवर आहे? कायझेन, म्हणजे सुधारणेचं छोटं काम, झाला, फोटो निघाला, बोर्डावर लागला, सहा महिन्यांनी सगळं मूळपदावर, हे प्रत्येक प्लांट हेडनं पाहिलेलं असतं. आज ५० मिनिटांवर गेलं असेल तर ५० सांगा आणि का गेलं ते सांगा. ३५ वर टिकलं असेल तर ते रेझ्युमेतच लिहा. टिकवणं हे कमी करण्यापेक्षा अवघड असतं.

बीएस-६ ला तर तुम्ही एका शब्दात उडवून लावलंत. वाहनांच्या धुराच्या या नव्या नियमांसाठी १ एप्रिल २०२० ही तारीख देशभरातल्या वाहन उद्योगाला पाळावी लागली. त्याआधीच्या वर्षात नवा पार्ट उभा करणं म्हणजे नवं फिक्स्चर, नवं गेज, ट्रायल, कॅपॅबिलिटी स्टडी, पीपॅप (उत्पादनाआधी ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची फाइल), ग्राहकाचं ऑडिट. यातलं तुमच्या हातून काय गेलं? किती पार्ट नंबर? पीपॅप पहिल्या फेरीत मंजूर झाला का? याला ‘धावपळ’ म्हणू नका. नवा पार्ट सुरुवातीपासून उभा केलेला माणूस आणि चालू लाइन सांभाळलेला माणूस, यांत कंपन्या फरक करतात. तुम्ही दोन्ही केलं आहे.

इथेच आणखी एक दुरुस्ती. तुमच्या रेझ्युमेत ‘इंजिन पार्ट’ हा शब्द सात वेळा आलाय. ज्या कंपन्या आता विजेच्या गाड्यांच्या मागे लागल्या आहेत, त्यांच्या भरतीवाल्याला तो शब्द जुना वाटेल. तुम्ही पार्टचं नाव लिहिता, प्रक्रियेचं लिहीत नाही. टर्निंग, हार्ड टर्निंग, ग्राइंडिंग, टॉलरन्स किती मायक्रॉनचा, रनआउट किती, मशीन कुठली, कंट्रोलर कुठला, हे लिहा. विजेच्या मोटरलाही रोटरचा शाफ्ट लागतोच, आणि तोही कोणीतरी टर्न आणि ग्राइंड करतच असतो. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यामुळे नाशिकच्या आसपास विमानाचे पार्ट करणारे व्हेंडरही आहेत. तिथे वाहन उद्योगाच्या आयएटीएफ या गुणवत्ता मानकाऐवजी विमान उद्योगाचं एएस ९१०० चालतं आणि पीपॅपच्या जागी बहुधा फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन भेटतं. पीपॅपची फाइल स्वतः बांधलेल्या माणसाला ते शिकायला फार दिवस लागत नाहीत. तशा ठिकाणी अर्ज करायचा तर ही गोष्ट वर आणा आणि वाहनांच्या ग्राहकांची यादी खाली ढकला. एकच रेझ्युमे चाळीस ठिकाणी पाठवायचा आणि वाट बघायची, याला माझा विरोध आहे. मूळ प्रत एक ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी वरचा तिसरा भाग त्या जाहिरातीप्रमाणे बदला.

जाहिरातीतले शब्द का महत्त्वाचे, तेही सांगतो. मोठ्या कंपनीत तुमचा कागद आधी सॉफ्टवेअर वाचतं, मग एचआरमधली एखादी मुलगी किंवा पुण्याचा कन्सल्टंट वाचतो. तो मेकॅनिकलचा असेलच असं नाही. तिसऱ्या फेरीत प्लांट हेडकडे जातो. पहिल्या दोघांना ओळखीचा शब्द हवा असतो, तिसऱ्याला काम हवं असतं. म्हणून ‘सेटअप टाइम रिडक्शन’ लिहा आणि त्याच ओळीत ‘एसएमईडी’ हे त्या पद्धतीचं नावही लिहा. मात्र न केलेल्या गोष्टींची नावं पांढऱ्या अक्षरांत लपवून घालायचा जो उद्योग हल्ली काही जण करतात, त्या वाटेला जाऊ नका. सॉफ्टवेअर मजकूर काढून घेतं तेव्हा त्या अक्षरांचा पांढरा रंग जातो आणि सगळं उघडं पडतं.

याच कारणानं भाच्याचं टेम्प्लेट बाजूला ठेवा. मुलानं प्रेमानं केलंय, त्याला काही बोलू नका. पण दोन रकान्यांची मांडणी, चौकटी आणि चिन्हं सॉफ्टवेअरला बऱ्याचदा नीट वाचता येत नाहीत. डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसते आणि तुमचं पद एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाऊन बसतं. शिवाय अंबडचा एखादा छोटा कारखानदार तुमचा रेझ्युमे व्हॉट्सअ‍ॅपवर, मोबाइलवर, जेवताना उघडणार आहे. त्याला एक रकाना, साधा फॉन्ट, पीडीएफ आणि दोन पानं हवीत. फाइलचं नाव ‘फायनल न्यू ३’ असू नये. त्यात तुमचं नाव आणि पद असावं. आणि ते तारे! सॉलिडवर्क्सला पाचपैकी चार तारे, एक्सेलला साडेचार. कोणी दिले? सॉलिडवर्क्समध्ये फिक्स्चरचं डिझाइन केलं असेल तर तसं लिहा, नुसती ड्रॉइंग उघडून बघत असाल तर काढून टाका.

काढण्याची यादी लांब आहे. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, छंद, फोटो, तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ अशी प्रतिज्ञा आणि सही. तुमचं पहिलं पान लग्नाच्या बायोडेटासारखं दिसतंय, फक्त रास आणि नाडी राहिली. दहावी-बारावीचे टक्केही नकोत. डिप्लोमा मात्र ठेवा. तुम्ही तो अगदी खाली, लाजल्यासारखा लिहिलाय. शॉप फ्लोअरवर डिप्लोमा करून मग बी.ई. झालेल्या माणसाला मान आहे, कारण त्याचा हात मशीनला लागलेला असतो. आधार, पॅन आणि पासपोर्टचे क्रमांक तर आजच काढा. तो कागद कोणाकोणाच्या फोनमध्ये फिरेल सांगता येत नाही. अशाच कागदावरून माहिती काढून ‘इंटरव्ह्यूसाठी डिपॉझिट भरा’ असे फोन येतात. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही.

‘डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल’ ही वरची चार ओळींची प्रस्तावना एआयनं लिहिलेली दिसते. इंग्रजी सुधारून घ्यायला एआय वापरा, माझी हरकत नाही. पण तो तुम्ही न दिलेले आकडे घालतो, आणि मुलाखतीत उत्तर तुम्हाला द्यायचं असतं. तुमच्या रेझ्युमेत ‘ओईई ३० टक्क्यांनी सुधारला’ असं आलंय, पत्रात त्याचा मागमूस नाही. अव्हेलेबिलिटी, परफॉर्मन्स आणि क्वालिटी यांचा गुणाकार म्हणजे ओईई, मशीनच्या एकूण कार्यक्षमतेचं माप. त्यातलं नेमकं काय वाढलं, असं कोणी विचारलं तर काय सांगाल? प्रस्तावनेच्या जागी तीन ओळी पुरे: किती वर्षं, कुठली प्रक्रिया, किती माणसं आणि मशीन सांभाळता, कुठली जबाबदारी हवी आहे.

प्रमाणपत्रांच्या यादीत तुम्ही ‘टीएस १६९४९ इंटर्नल ऑडिटर’ लिहिलंय. टीएसची जागा आयएटीएफ १६९४९ नं २०१६ मध्ये घेतली आणि सप्टेंबर २०१८ नंतर जुने दाखले बाद झाले. नंतर आयएटीएफचं प्रशिक्षण झालं असेल तर ते लिहा. नसेल झालं तर करून घ्या, कारण ती ओळ वाचून ‘हा माणूस २०१६ ला थांबला’ असं वाटतं. एफएमईएचंही, म्हणजे काम कुठे बिघडू शकतं याच्या आधीच केलेल्या अभ्यासाचंही, तसंच. २०१९ मध्ये एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या वाहन उद्योगाच्या संघटनांची एकत्र पुस्तिका आली, तिच्यात आरपीएन या जोखमीच्या आकड्याच्या जागी अ‍ॅक्शन प्रायॉरिटी, म्हणजे उपायाचं प्राधान्य, आहे. ‘एफएमईए येतं’ म्हणताना हे माहीत असायला हवं.

सात महिन्यांचं आता. झाकू नका, झाकता येतही नाही. नेमणुकीआधी बहुतेक मोठ्या कंपन्या चौकशी करतात, आणि यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, तुमच्या नोकऱ्यांची नोंद असते. भाच्यानं नुसती वर्षं लिहून ती फट बुजवली आहे. महिना आणि वर्ष लिहा आणि मध्ये एक ओळ घाला: २०२०, लॉकडाऊनमधली कपात. २०२० मधल्या फटीचं कारण कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या काळात काही शिकलात, कोणाच्या वर्कशॉपवर मदत केलीत तर तेही लिहा, नाहीतर ती एक ओळ पुरेशी आहे. अर्ज करण्याआधी ईपीएफओच्या साइटवर आपली नोंद उघडून बघा. जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, किंवा रिलीव्हिंग लेटरपेक्षा वेगळी असते, असं पुष्कळदा होतं. भरलेली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर ती तुम्हाला स्वतःलाही भरता येते. ऑफर हातात आल्यावर हे निस्तरायला बसलात तर घाम फुटतो.

चाळिशीचं म्हणाल, तर काही जाहिरातींत वयाची मर्यादा असते आणि त्यावर रेझ्युमेचा उपाय नाही. तिकडे अर्ज करून स्वतःला कष्टी करू नका. पण चाळीस ठिकाणांहून दोन फोन येण्याचं कारण तुमचं वय आहे, हे मला हा कागद पाहून पटत नाही.

चाकणबद्दल वहिनींशी माझा मतभेद आहे, पण तो अर्धाच. पुण्याच्या कन्सल्टंटला नाशिकचा पत्ता दिसला की तो गृहीत धरतो, हा माणूस घर सोडणार नाही. त्यामुळे चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या जागेसाठी अर्ज करताना तयारी स्पष्ट लिहावीच लागते. मात्र ती खरी असली पाहिजे. मुलांची शाळा, आई-वडील, घराचा हप्ता, हे सगळं आधी दोघांनी बसून बोला. तयारी नसेल तर सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर एवढ्यातच बघा आणि रेझ्युमेत ‘नाशिक’ एवढंच राहू द्या. ऑफर घेऊन मग घरच्यांनी नको म्हटलं म्हणून नाकारलीत, तर तो कन्सल्टंट पुन्हा तुमचं नाव पुढे करत नाही.

आकडे गोळा करायला या रविवारी बसा. अप्रेझलचे फॉर्म, कायझेनची कार्डं, आपली जुनी डायरी. पण कंपनीच्या फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. ग्राहकाचं ड्रॉइंग, पार्टची किंमत, ऑडिटचा रिपोर्ट यातलं काहीही नको. कंपनीच्या आयटी विभागाला दिसतं, आणि दिसलं नाही तरी ते तुमचं नाही. ग्राहकाचं नाव लिहायची मुभा नसेल तर ‘दुचाकी बनवणारा मोठा ग्राहक’ एवढं पुरतं. पगार रेझ्युमेत नको, विचारतील तेव्हा खरा सांगा.

शेवटी एक काळजी, कारण नाशिक लहान आहे. अंबडमध्ये दोन फोन केले की माणूस कळतो, आणि तुम्ही बाहेर बघताय हेही तितक्याच लवकर कळतं. लिंक्डइनवर हिरवी ‘ओपन टू वर्क’ची पट्टी लावू नका. फक्त भरतीवाल्यांना दिसेल असा पर्याय आहे, पण तुमच्याच कंपनीला दिसणार नाही याची पूर्ण हमी तिथेही मिळत नाही. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना आपला प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. नवा रेझ्युमे चढवण्याआधी तिथे आपल्या कंपनीचं नाव टाका, आणि ग्रुपमध्ये दुसरी कंपनी असेल तर तिचंही.